कांचेच्या पेटींतील समुद्र

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा या गांवापासून समुद्र किती लांब आहे, असा प्रश्न तेथील माणसाला सहसा पडत नाहीं. नांदुऱ्याच्या स्थानकावरून आगगाडींत बसलें, तर मुंबई गांठण्यास पांचशें किलोमीटरांहून अधिक मार्ग तोडावा लागतो. वाटेंत खानदेश संपतो, नाशिक मागें पडतें, कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो, आणि मग कोठें खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. कापूस आणि ज्वारी यांच्या या मुलुखांत मासा म्हणजे नदीचा किंवा धरणाचा. अशा गांवीं एखाद्या घराच्या बैठकींत कांचेच्या पेटींत निळे, पिवळे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, अंगठ्याएवढे समुद्रांतले मासे फिरत असावेत, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीं हास्यास्पद ठरली असती. आज ती अशक्य राहिलेली नाहीं. परंतु ती शक्य होण्यापूर्वीं शास्त्रज्ञ, हौशी गृहस्थ आणि गृहिणी यांना शतकाहून अधिक काळ एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाशीं झुंजावें लागलें. समुद्राच्या पाण्याला समुद्रपण येतें, तें कशामुळें?

मिठामुळें, असें उत्तर कोणीहि चटकन् देईल. हें उत्तर फार तर एकतृतीयांश खरें आहे, आणि त्याचा पडताळा पाहण्यास बुलढाण्यासारखा जिल्हा नाहीं. समुद्रापासून इतक्या दूर असूनहि या जिल्ह्याला खाऱ्या पाण्याची वाण नाहीं. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांत तर खारपाणपट्टाच पसरलेला आहे. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांतील शेंकडों गांवांच्या विहिरींना तेथें खारें पाणी लागतें; तें पिकाला चालत नाहीं आणि पिण्यालाहि चालत नाहीं. या पाण्यापासून एके काळीं वऱ्हाडांत मीठ पिकवीत असत. १९३० च्या कायदेभंगांत मिठाचा सत्याग्रह करावयाचा तर वऱ्हाडाला समुद्र कोठून आणावा, ही अडचण उभी राहिली, तेव्हां अकोला जिल्ह्यांतील दहीहांडा येथें सत्याग्रहींनीं खाऱ्या विहिरींच्या पाण्याचेंच मीठ केलें. दांडीच्या समुद्राचें काम वऱ्हाडांत विहिरींनीं भागविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

जिल्ह्याच्या दक्षिणेस लोणार. अवकाशांतून आलेल्या पाषाणानें काळ्या कातळांत पाडलेलें तें प्रचंड विवर आणि त्याच्या तळाशीं सांठलेलें खारें सरोवर आतां जगद्विख्यात आहे. २०२० सालीं त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. त्याची ख्याति मात्र जुनी आहे. कांच आणि साबण यांना लागणारी सामग्री येथें मिळते, अशी नोंद अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत करून ठेविली आहे. तेथील क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें होतीं, आणि ला टूश व ख्रिस्ती या भूस्तरशास्त्र खात्यांतील दोघां संशोधकांनीं १९१२ सालीं त्या सरोवराचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. आतां यांतला चमत्कार असा कीं, अलीकडच्या मोजण्यांत लोणारच्या पाण्याचा खारटपणा समुद्राहून कमीच भरतो. तरी समुद्रांतला मासा त्यांत सोडला तर तो जगावयाचा नाहीं. लोणारचें खारेपण मुख्यतः सोड्याचें आहे. पाण्याची अल्कता मोजण्याच्या मापावर समुद्राचा आंकडा आठाच्या किंचित् वर असतो, लोणारचा दहाच्या आसपास. आणि हें माप एकेका अंकाला दसपटीनें चढत असल्यामुळें दोहोंतील अंतर जवळजवळ शंभरपट होतें. त्या पाण्यांत जीव नाहींत असें नव्हे. २०२० च्या जून महिन्यांत सरोवर एकाएकीं गुलाबी झालें, तें अशाच क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखवून दिलें. मासे मात्र त्यांत नाहींत. तात्पर्य, एकाच जिल्ह्यांत दोन खारीं पाणीं आहेत, आणि त्यांपैकीं एकालाहि समुद्र म्हणतां येत नाहीं.

युरोपांत हा भेद ओळखण्याची निकड प्रथम भासली ती शास्त्रज्ञांना नव्हे, तर एका बाईला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या प्रार्थनामंदिराच्या एका अधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन ही १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावर हवापालटासाठीं गेली असतां तिला कांहीं जिवंत दगडी प्रवाळ आढळले. ते तिनें समुद्राच्या पाण्यासह लंडनला नेले. समुद्राचें ताजें पाणी लंडनमध्यें रोज कोठून मिळावें? तेव्हां तिनें एक युक्ति काढिली. भांड्यांतील पाणी काढून उघड्या खिडकीपाशीं तें वरून खालीं, वरून खालीं ओतीत राहावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. हें काम रोज अर्धा-पाऊण तास चाले, आणि तें बाईसाहेबांची मोलकरीण करी. त्या मोलकरणीचें नांव इतिहासानें राखून ठेविलें नाहीं. परंतु घरांत राखलेला पहिला समुद्र तिच्या मनगटांच्या बळावर टिकला. पुढें थिनबाईनें पाण्यांत समुद्रशेवाळ घातलें आणि हें कष्ट पुष्कळ कमी झाले.

शेवाळानें असें काय केलें, याचें उत्तर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें दिलें. १८४९ सालीं त्यानें एका कांचेच्या मोठ्या पात्रांत दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पति आणि कांहीं गोगलगायी ठेविल्या. वनस्पति प्राणवायु देते, मासा तो घेतो. मासा कर्बवायु सोडतो, तो वनस्पति घेते. सडकी पानें गोगलगाय खाते. हा हिशेब त्यानें १८५० मध्यें जाहीर केला, आणि लौकरच समुद्राच्या जीवांवरहि तोच प्रयोग केला. १८४५ सालीं इंग्लंडांतील कांचेवरील कर उठल्यामुळें कांचही स्वस्त झाली होती. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकानें ‘दि अक्वेरियम’ हा ग्रंथ काढला आणि तें नांव रूढ करून टाकिलें. मग काय, घरोघर दिवाणखान्यांत कांचेच्या पेट्या आल्या, समुद्रकिनारे ओरबाडले जाऊं लागले, आणि कांहीं वर्षांतच बहुतेक पेट्या दुर्गंधी सुटून अडगळींत पडल्या. गॉसच्या मुलानें १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत, बापाच्या ग्रंथांमुळेंच ते सुंदर किनारे उजाड झाले, असा खेद व्यक्त केला आहे. छंदाच्या आरंभींच छंदाचा दोष असा पदरीं आलेला आहे, आणि तो पुढेंहि सुटला नाहीं.

त्या पेट्या नासल्या कां? येथें दोन निरनिराळ्या शोधांची हकीकत सांगणें प्राप्त आहे. पहिला शोध मिठाचा. १८१९ सालीं मार्से, १८६५ सालीं फोर्खहामर आणि १८८४ सालीं चॅलेंजर जहाजानें जगभरांतून आणलेले ७७ नमुने तपासणारा डिटमार, या तिघांच्या श्रमांतून एक विलक्षण नियम सिद्ध झाला. समुद्र कोठें अधिक खारा असेल, कोठें कमी; पण त्यांतील मुख्य क्षारांचें परस्परांशीं प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असतें. किलोभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार. त्यांत निम्म्याहून अधिक क्लोराइड, तीस टक्क्यांच्या आसपास सोडियम, आणि उरलेल्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. गॉसनें १८५४ मध्येंच मीठ, एप्सम सॉल्ट आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्लोराइड अशा चार पदार्थांपासून कृत्रिम समुद्रजल करून पाहिलें होतें.

मग खामगांवच्या बाजारांतलें मीठ पाण्यांत कालवून भागणार नाहीं काय? भागणार नाहीं, आणि तें कां, हें मिठागरांतला कोणताहि आगरी सांगूं शकेल. मिठागरांत पाणी आटत जातें, तसा आधीं चुना खालीं बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर मीठ धरतें. मीठ ओढून घेतल्यावर मागें जें कडवट पाणी उरतें, त्यांत मॅग्नेशियमचे क्षार राहतात, आणि तें पाणी सोडून देतात. म्हणजे खाण्याचें मीठ हें समुद्राचें एक निवडलेलें अंग आहे. त्याच्या आधींचें आणि नंतरचें दोन्ही बाजूला काढल्यामुळेंच तें जिभेला गोड लागतें. मनुष्याच्या जेवणाला हेंच हवें असतें. माशाला तें पुरत नाहीं.

दुसरा शोध अधिक गूढ आणि अधिक महत्त्वाचा. वॉरिंग्टनचा हिशेब बरोबर होता, पण अपुरा होता. त्यानें श्वासाचा जमाखर्च मांडला, मलमूत्राचा मांडला नाहीं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, आणि अमोनिया हें माशाला विष आहे. त्यांतहि समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें तेथें तो अधिक जहाल होतो. म्हणून सोनेरी मासा ज्या घाणींत कसाबसा तग धरतो, तींत समुद्राचा मासा मरतो. हें विष निसर्गांत कोण उतरवितो? १८७७ सालीं श्लेसिंग आणि म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं, अमोनियाचें नत्रित क्षारांत रूपांतर करणारे सजीवच आहेत, हें दाखविलें; आणि विनोग्राद्स्की या रशियन संशोधकानें १८९० च्या सुमारास ते जंतु वेगळे काढले. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासा पुष्कळ अंशीं सोसतो. हिंदुस्थानाला हे जंतु अगदींच परके नव्हते. जुन्या गोठ्यांच्या आणि पडक्या भिंतींच्या मातींतून सोरा काढून तो बंदुकीच्या दारूंत घालणाऱ्यांनीं या जंतूंचीच कमाई शतकानुशतकें उचलली होती. करणारा कोण, तें तेवढें ठाऊक नव्हतें.

हे जंतु नव्या कोऱ्या पेटींत नसतात. वाळूवर, दगडावर, कांचेवर त्यांची वस्ती व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. समुद्रपणाचा तिसरा आणि डोळ्यांना न दिसणारा अंश तो हा.

हिंदुस्थानांत समुद्राचे जिवंत मासे लोकांना दाखविण्याचें श्रेय मद्रासकडे जातें. तेथील संग्रहालयाचा प्रमुख एडगर थर्स्टन याच्या योजनेनें मरीना किनाऱ्यावर बांधलेलें मत्स्यालय १९०९ सालीं खुलें झालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत जपानी हल्ल्याच्या भीतीनें बंद पडलें. मुंबईंत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. त्याला आठ लक्ष रुपये खर्च आला, त्यांपैकीं दोन लक्ष तारापोरवाला यांच्या देणगीचे होते. विदर्भांतून मुंबई पाहावयास गेलेल्या कित्येक पिढ्यांनीं राणीची बाग आणि हें मत्स्यालय एकाच दिवसांत उरकलें असेल. २०१५ मध्यें त्याचें नूतनीकरण झालें. पुढें करोनाच्या सांथींत तें बंद पडलें. हीं दोन्ही मत्स्यालयें समुद्राला खेटून होतीं, यांत नवल नाहीं. पाणी दाराशीं असल्यावर तें बनविण्याची विद्या कशाला हवी?

आतां त्या लहानग्या माशांकडे वळावें. इंग्रजींत त्यांना डॅमसेल म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ कुमारिका. नांव ठेवणाऱ्यानें त्यांचा स्वभाव पाहिलेला नसावा, कारण इतका भांडकुदळ मासा त्या आकारांत विरळा. या कुळांत चारशेंहून अधिक जाति आहेत, आणि सर्वांच्या परिचयाचा झालेला नारिंगी-पांढरा विदूषक मासाहि याच कुळांतला. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेल्या जातीचें वर्णन लिनिअसनें १७५८ सालींच करून ठेविलें. याच कुळांतील दुसऱ्या एका गणाच्या नामकरणाची कथा मुंबईपर्यंत येऊन पोंचते. डेन्मार्कच्या राजानें १७६१ सालीं अरबस्तानाकडे एक शोधमंडळ धाडलें. त्यांतला निसर्गज्ञ पीटर फोर्सकाल यानें तांबड्या समुद्रांतील मासे टिपून घेतले आणि पुष्कळांना त्यांचीं अरबी नांवेंच ठेविलीं. ‘अबुदफदुफ’ हें त्यांतलें एक. १७६३ सालीं तो येमेनांत तापानें गेला. उरलेले मुंबईच्या वाटेला लागले. त्यांचा चित्रकार वाटेंत समुद्रावर वारला आणि वैद्य मुंबईंत पोंचून १७६४ च्या आरंभीं वारला. एकटा कार्स्टन नीबुर तेवढा वांचला. त्यानें मुंबईंत मुक्काम केला, घारापुरीचीं लेणीं मोजून त्यांचीं चित्रें काढलीं, आणि स्वदेशीं परतल्यावर १७७५ मध्यें मृत मित्राचे टिपणग्रंथ छापून प्रसिद्ध केले. त्या गणाचें अबुदफदुफ हें नांव आजहि शास्त्रांत चालू आहे, आणि त्यांतले पट्टेदार मासे मालवणच्या खडकांत पोहतांना दिसतात. पुढें फ्रान्सिस डे यानें १८७५ ते १८७८ या काळांत काढलेल्या हिंदुस्थानांतील माशांच्या ग्रंथांत या कुळाचें रीतसर वर्णन आलें.

या माशांचें चरित्र त्यांच्या आकाराच्या मानानें फार मोठें आहे. एखादा प्रवाळाचा झुबका अथवा हातभर खडक हेंच त्यांचें राज्य. कित्येक जाति खडकावर शेवाळाची बाग राखतात, नको तें उपटून टाकतात, आणि कोणी आंत घुसला तर आपल्या दसपट देहाच्या माशावरहि धांवून जातात. अंडीं घालण्याची जागा नर आधीं तोंडानें स्वच्छ करतो. मादी अंडीं घालून निघून जाते, आणि पंखांनीं वारा घालीत तीं राखण्याचें काम बाप करतो. विदूषक माशाच्या कुटुंबांत सर्वांत मोठी ती मादी. ती मेली, तर तिचा नरच पालटून मादी होतो. फ्रिके दांपत्यानें १९७७ सालीं हें सिद्ध केलें.

असा हा मासा घरांत आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. विमानवाहतूक आली, पॉलिथिनच्या पिशवींत थोडें पाणी आणि प्राणवायु भरून मासा हजारों मैल नेतां येऊं लागला. अमेरिकेंत वाळूच्या खालून पाणी ओढणारी जाळी निघाली, आणि वाळूचा थर हाच जंतूंचा वाडा झाला. १९६० नंतरच्या दशकांत समुद्राच्या प्रमाणांत मिसळलेले कोरडे क्षार पिशव्यांतून विकत मिळूं लागले, आणि सिलिकोननें सांधलेल्या निव्वळ कांचेच्या पेट्या आल्यामुळें लोखंडी चौकट गंजण्याची पीडा टळली. याच सुमारास, १९६१ मध्यें, इंडोनेशियांतील ली चिन एंग या गृहस्थानें, समुद्रांतला जिवंत खडकच पेटींत ठेवला आणि बारीक बुडबुडे सोडले तर यंत्रांची फारशी गरज राहत नाहीं, हें लिहून कळविलें. पाश्चात्य छंदकांनीं त्याचें ऐकावयास वीस वर्षें लावलीं.

परंतु या वैभवाची किंमत कोणी दिली? नव्या पेटींत जंतूंची वस्ती व्हावी म्हणून अमोनिया हवा. अमोनिया कोठून यावा, तर माशाकडून. मोलाचा मासा त्या विषांत घालण्यास जीव धजत नाहीं. म्हणून स्वस्त आणि काटक असा मासा आधीं सोडावयाचा, अशी रीत पडली. तो काटक मासा म्हणजे डॅमसेल. महिनाभर त्यानें विष सोसावें, पेटी पिकवावी, आणि वांचलाच तर नंतर भांडखोर म्हणून बाहेर काढला जावा, हें त्याचें नशीब ठरलें. पुस्तकांतून आणि दुकानांतून हा सल्ला इतक्या सहजपणें दिला जाई कीं, त्यांत कांहीं गैर आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नसे. मासा जगला, एवढ्यावरून त्याला यातना झाल्या नाहींत असें ठरत नाहीं. जळालेले कल्ले घेऊनहि कांहीं दिवस पोहतां येतें. शिवाय तो स्वस्त होता तो समुद्र स्वस्त मानल्यामुळें. १९६० नंतरच्या दशकापासून फिलिपाईन्समध्यें माशांना सायनाइडनें गुंगवून पकडण्याची चाल पडली, आणि त्या विषानें मासा गेला, शिवाय त्याचें प्रवाळाचें घरहि गेलें. गॉसच्या मुलानें ज्या ओरबाडण्याचा खेद केला, तें ओरबाडणें आतां उष्ण कटिबंधांत सुरूं झालें होतें.

या रीतीवरचा उतारा सांपडला तो फार साध्या वस्तूंत. पेटीला अमोनियाच हवा असेल, तर तो जिवंत माशाच्या अंगांतून कशाला घ्यावा? अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, वजन करून टाकला तरी जंतूंना तेवढाच खाऊ मिळतो. वऱ्हाडांतल्या कोणत्याहि बाजारांत कल्हईवाला तापल्या भांड्यावर जो पदार्थ टाकून पांढरा धूर काढी, तोच हा. बाजारी नवसागरांत भेसळीची धास्ती असते, म्हणून पेटीसाठीं शुद्ध रासायनिक माल घ्यावा लागतो, हें खरें. पण नांव आणि गुण तेच. कांचपेटींत पाणी, क्षार, वाळू आणि चिमूटभर नवसागर घालून महिना-दीड महिना धीर धरावयाचा. रोज मोजणी घ्यावयाची. टाकलेला अमोनिया एका दिवसांत नाहींसा होऊं लागला आणि नायट्राइटहि उरेनासें झालें, म्हणजे पेटी पिकली असें समजावयाचें. तोंवर एकहि मासा आंत नसतो. रिकाम्या पेटीसमोर सहा आठवडे बसणें मुलांना जड जातें, आणि दुकानदाराला त्याहून जड जातें. नाहींतर ही युक्ति इतक्या उशिरां कां रुजली, याचा उलगडा होत नाहीं.

समुद्र न ओरबाडतां मासा मिळविण्याची वाटहि याच काळांत खुली झाली. विदूषक मासा १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हौदांत वाढविला गेला. डॅमसेलचें काम अधिक अवघड होतें, कारण त्यांचीं पिलें अंड्यांतून निघतात तीं सुईच्या टोंकाएवढ्या तोंडाचीं, आणि त्यांना खाऊं घालण्याजोगा सूक्ष्म जीव आधीं वाढवावा लागतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्रांत या शतकाच्या पहिल्या दशकांत तीन पट्ट्यांचा, तीन ठिपक्यांचा, निळा अशा कित्येक जातींची पैदास साधली. महाराष्ट्रांतहि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रांत विदूषक माशांची पैदास सुरूं झाली. उलट मालवणच्या समुद्रांतला प्रवाळ किंवा जिवंत खडक उचलून आणण्याची सोय मात्र राहिलेली नाहीं. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चें आहे, आणि २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचें वाघाच्या तोडीचें संरक्षण आहे. हें योग्यच झालें.

तेव्हां पिंपळगांव राजा येथें समुद्र वसवावयाचा तर तो असा. दीडशें लिटर पाण्याला सव्वापांच किलो क्षार लागतील. पाणी गाळून निःक्षार केलेलें हवें, कारण विहिरीचें खारें किंवा जड पाणी हें समुद्राला जवळचें नसून लांबचें आहे. पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास राखावी. विदर्भाच्या उन्हाळ्यांत पेटींतलें पाणी भराभर आटतें; परंतु आटतें तें पाणी, क्षार नव्हेत. म्हणून वर भर घालावयाची ती गोड्या पाण्याचीच, हा नियम मोडून पुष्कळांनीं मासे घालविले आहेत. मासे दोन किंवा तीन, हौदांत पैदास झालेले, आणि प्रत्येकाला लपावयास स्वतंत्र कपार असलेले. पेटी लहान असेल तर एकच, कारण दुसरा आला कीं राज्याची वांटणी आली. पाणी तापून तीस अंशांवर जाऊं लागलें, तर पेटीवरून पंख्याचा वारा खेळवावा लागतो.

आणि मे महिन्यांत वीज गेली, पंप थांबला, तर काय करावें? कोमट पाण्यांत प्राणवायु कमी मावतो आणि मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. अशा वेळीं घरांतल्या कोणीतरी तांब्या घ्यावा, पेटींतलेंच पाणी भरावें, आणि हातभर उंचीवरून बारीक धारेनें तें पुन्हा पेटींत सोडीत राहावें. अर्धा तास, पाऊण तास, वीज येईपर्यंत.